कडूबाईंनी निवडलेलं कुत्रं

मुकुंदवाडी स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत कडूबाईंची पिठाची चक्की आहे. नवरा गेल्यावर झिजलेल्या दगडाला छिन्नीनं टाकी लावण्यापासून पट्टा चढवण्यापर्यंत सगळं त्या एकट्याच करत आल्या. मूलबाळ नाही. मी समोर भाड्यानं राहायचे, त्यामुळं यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि जे पाहिलं नाही ते त्यांनीच चक्कीच्या आवाजावर ओरडून मला सांगितलंय.

त्यांचा एक गावठी कुत्रा होता, हवालदार. नऊ वर्षांचा. येणाऱ्या प्रत्येकाच्या डब्याला नाक लावल्याशिवाय आत सोडायचा नाही, म्हणून ते नाव. शेजारच्या इंद्रजीतनं दिवाळीत नवी गाडी घेतली, ती काही हवालदारला पटली नाही. सकाळी गाडी निघाली की हा चौकापर्यंत भुंकत मागं. इंद्रजीत प्लॉटचे व्यवहार करायचा, गाडीत गिऱ्हाईक बसलेलं असायचं. "मावशी, याचं एकदा काहीतरी करावं लागंल," असं तो दोनदा हसत हसत म्हणाला होता.

मार्चमधल्या एका सकाळी हवालदार चक्कीमागं तडफडत पडलेला सापडला. रिक्षा मिळेपर्यंत संपला. जवळ मटणाचे तुकडे पडले होते. कडूबाई तर मटणाला शिवतसुद्धा नव्हत्या. जनावरांच्या डॉक्टरांनी विषबाधा असं लिहून दिलं. तो कागद घेऊन त्या पोलीस चौकीत गेल्या. "घालताना कुणी पाहिलं का?" असं तिथं विचारलं. कुणीच पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी इंद्रजीत चक्कीत आला. "वाईट झालं मावशी. पण आता झोप तरी लागंल सगळ्यांना."

"तोंडावर पीठ बसलं होतं," कडूबाई मला नंतर म्हणाल्या, "म्हणून माझं तोंड कसं झालंय ते दिसलं नाय त्याला."

त्या रडल्या नाहीत. पंधरा दिवसांनी, रविवारी चक्की बंद ठेवून त्या बसनं खुलताबादच्या रस्त्याला गेल्या. घाट चढल्यावर तिथं टाकून दिलेल्या कुत्र्यांचा एक आसरा आहे. मृण्मयी नावाची तरुण डॉक्टर तो चालवते आणि शफीकभाई कुत्र्यांचं खाणंपिणं बघतात. मृण्मयीनं अर्ज पुढं ठेवला आणि विचारलं, "कसं कुत्रं हवंय, मावशी?"

"चावणारं."

मृण्मयीला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "राखणीला म्हणताय का?"

"राखायला काय ठेवलंय माझ्याकडं? एकाच माणसाला चावायचंय. पण असं चावलं पायजे की टाके पडले पायजेत."

मृण्मयीनं अर्ज परत ओढून घेतला. कडूबाईंना हात जोडून बाहेर काढलं. पुढच्या रविवारी त्या पुन्हा हजर. तिसऱ्या रविवारीही. मृण्मयी त्या दिवशी ऑपरेशनमध्ये अडकली होती, म्हणून शफीकभाईंनीच त्यांना पिंजऱ्यांकडं नेलं. एक काळा कुत्रा जाळीवर झेपावला, दात विचकून गुरगुरायला लागला. कडूबाईंचे डोळे चमकले.

"हा द्या."

"ये तो डरता है, मावशी," शफीकभाई म्हणाले. "भीतीनं गुरगुरतो. तुम्ही काठी उचलली तर मुतंल. जो खरंच चावतो ना, तो आधी आवाज करत नाय. आणि तसला मी कुणाला देत नाय."

त्या चिडून परत फिरल्या आणि शेवटच्या पिंजऱ्यापाशी थांबल्या. आत एक लॅब्राडॉर भिंतीकडं तोंड करून पडला होता. अंगावरचे केस निम्मे गेलेले. डावा कान टोकाला फाटलेला. तो कान कडूबाईंनी ओळखला, कारण हा पिल्लू असताना एका भांडणात हवालदारनंच तो फाडला होता.

"ब्रुनो?" त्यांनी हाक मारली.

कुत्र्यानं मान वळवली.

ब्रुनो इंद्रजीतचा होता. सहा वर्षं त्याच्या घरात वाढला. दिवाळीच्या आधी त्याला खरूज झाली, अंगाला वास यायला लागला, आणि एक दिवस तो दिसेनासा झाला. "वैजापूरला मेव्हण्याच्या शेतावर सोडलाय, मोकळ्या हवेत मजेत आहे," असं इंद्रजीतनं सगळ्यांना सांगितलं होतं. स्वतःच्या आईलाही.

"वैजापूर रोडला, ढाब्याच्या मागं लिंबाला बांधलेला होता," शफीकभाई म्हणाले. "दोन दिवस. दोरी इतकी आखूड की बसता येत नव्हतं. इथं आणला तर चार दिवस खाल्लं नाय. अजून गाडी आली की उठून बघतो."

कडूबाई बराच वेळ जाळीला धरून उभ्या होत्या. मग मृण्मयी आल्यावर म्हणाल्या, "चावणारं नको आता. हेच द्या. एकटी असते, सोबत होईल."

हे अगदीच खोटं नव्हतं. पण का हवाय ते त्यांनी सांगितलं नाही. असला कुत्रा कुणाला चावणार नाही, म्हणून मृण्मयीही तयार झाली. तिनं महिनाभर लावायचं औषध, आंघोळीची पावडर, सगळं समजावलं. शफीकभाई येऊन घर बघून गेले. मग सहीशिक्क्याचा कागद मिळाला आणि मे महिन्यात ब्रुनो रिक्षातून चक्कीत आला. कडूबाईंनी आठवडाभर त्याला आतच ठेवला. मला ताकीद दिली, "बोलू नको कुणाला. पाणी येऊ दे."

आमच्याकडं नळाला आठवड्यानं पाणी येतं. त्या सकाळी गल्लीतलं एकही माणूस घरात नसतं. सगळे हंडे आणि पाइप घेऊन बाहेर. इंद्रजीत गाडी धूत होता. त्याची आई, आशाबाई, फाटकात बादली भरत होत्या. कडूबाईंनी चक्कीचं दार उघडलं आणि हातातली दोरी सोडून दिली.

ब्रुनो सरळ आशाबाईंकडं गेला. त्यांच्या पदरात डोकं खुपसून असा कण्हायला लागला की बादली कलंडली. मग तो इंद्रजीतकडं धावला, त्याच्याभोवती गोल गोल फिरला, शेपटीनं त्याच्या पिंढऱ्या बडवल्या.

"अगं बाई, ब्रुनो!" आशाबाई म्हणाल्या. "कधी आणला रे वैजापूरहून?"

इंद्रजीत वाकून गाडीचं चाक पुसायला लागला.

"वैजापूरहून नाय, आशाबाई," कडूबाईंनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. "वैजापूरच्या रस्त्यावरून. लिंबाला बांधून आला होता तुमचा लेक. दोन दिवस बिनपाण्याचं."

इंद्रजीत पुढं झाला. "माझा कुत्रा आहे तो. चोरीला गेला होता. द्या इकडं."

"कागद बघ," कडूबाईंनी शिक्का त्याच्या डोळ्यांपुढं धरला. "माझा आहे आता. आणि सांग, माझ्या हवालदारला काय घातलंस?"

"मी काही घातलं नाही."

तेव्हा आशाबाई ब्रुनोच्या पाठीवर हात ठेवूनच म्हणाल्या, "इंद्रजीत, हवालदार मेला त्याच्या आदल्या दिवशी मटण मी केलं होतं. तू वाटीत काढून नेलंस. मित्राला देतो म्हणालास."

हातातला पाइप टाकून इंद्रजीत आत गेला. गाडीवरचा साबण तसाच वाळला.

कडूबाई दुपारी आशाबाईंकडं गेल्या. "चौकीत चला. हेच तिथं सांगा."

"माझ्या पोटचा आहे तो, कडूबाई. गल्लीत तोंडातून गेलं. चौकीत नाही जाणार."

कडूबाईंनी त्यांच्याशी दोन महिने बोलणं टाकलं. तरीही आशाबाई रोज दुपारी चक्कीत येऊन ब्रुनोजवळ बसायच्या, कडूबाई पाठ फिरवून दळत राहायच्या. इंद्रजीतच्या घरी मात्र कुणी फिरकेना. ज्यांना त्यानं प्लॉट दाखवले होते त्यांच्याही कानावर गेलं. आईनं त्याच्या ताटाशेजारी बसणं सोडलं. हे सगळं कडूबाई मला रोज सांगायच्या, एकही गोष्ट न विसरता.

त्यांना फक्त एक गोष्ट सहन होत नव्हती. इंद्रजीत दिसला की ब्रुनो उठायचा. "अन्न माझं आणि शेपटी त्याला!" असं म्हणून त्यांनी एकदा त्याला दिवसभर आत कोंडला. संध्याकाळी दार उघडलं, तर तो त्यांच्या पायावर डोकं ठेवून झोपला. त्या दिवशी त्या पहिल्यांदा रडल्या.

गणपतीच्या सुमारास इंद्रजीत चक्कीच्या दाराशी आला. गाल बसलेले. "मावशी, चुकलं माझं. दोन्हीही चुकलं. माफ करा."

कडूबाईंनी चक्की बंद केली, नीट ऐकू यावं म्हणून. "माफी नाय," त्या म्हणाल्या. "हवालदार आला परत, तर बघू."

ब्रुनो उठून इंद्रजीतचा हात चाटायला लागला. इंद्रजीतचा चेहरा वाकडा झाला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हात मागं घ्यायचं त्याला धाडस होईना. मी वाट बघत होते की कडूबाई आता कुत्र्याला हाक मारतील. त्यांनी मारली नाही. हाताची घडी घालून, त्याचं रडून होईपर्यंत त्या बघत राहिल्या.

दसऱ्याला इंद्रजीत घर भाड्यानं देऊन सिडकोत राहायला गेला. आशाबाई गेल्या नाहीत, मागच्या खोलीत राहिल्या. मी कडूबाईंना विचारलं, "झालं का समाधान?"

"निम्मं," त्या म्हणाल्या. "निम्मं चौकीत राहिलंय अजून."