चार नंबरवरचा रुमाल

१७ ऑक्टोबर. हरभऱ्याच्या बियाण्याचे टॅग छापायचे होते.

कनेरगाव नाक्याच्या अलीकडे आमचं बियाणं प्रक्रिया केंद्र आहे. शेतकऱ्यांनी पिकवलेलं बियाणं इथं येतं, चाळलं जातं, प्रयोगशाळेत उगवून पाहिलं जातं आणि पास झालं की प्रत्येक पिशवीला टॅग शिवला जातो. टॅग नसला तर ते बियाणं नाही, नुसता हरभरा. तो डाळमिलला जातो. सगळ्या पिशव्यांची नोंद एका जुन्या ओरॅकल डेटाबेसमध्ये आहे आणि तो डेटाबेस माझ्याकडे आहे. त्याच्या जागी नवीन येणार, असं मी इथं लागल्यापासून ऐकते आहे. जुना चालतो आहे, आणि चालणाऱ्या गोष्टीला मी हात लावत नाही.

सकाळी दहा वाजता सेनगावकडच्या एक बाई जीपनं आल्या. बायकांच्या गटाच्या त्या प्रमुख. गटातल्या अकरा जणींनी पहिल्यांदाच बियाण्याचा हरभरा केला होता. पहिल्या उगवण चाचणीत त्यांचा लॉट नापास झाला होता. त्यांनी भांडून दुसरा नमुना द्यायला लावला आणि तो पास झाला. निकालाचा कागद त्यांच्या पिशवीत होता, पण माझ्या पडद्यावर अजून जुनाच निकाल होता.

"कागद पास म्हणतो, तुमचा डबा नापास म्हणतो," त्या म्हणाल्या. "आमी कुणाचं ऐकावं?"

"डब्याला अजून कुणी सांगितलं नाही. आज सांगणार आहे."

"सांगा बाई लौकर. उद्या नऊला टेम्पो भरून राहिला. त्याच्यात आमच्या पिशव्या न्हाई गेल्या तर साहेब डाळमिलला धाडतो म्हणले. अन् मंग पुढल्या साली आमच्या गटाला कोण बियाणं करू देतं?"

इतकी साधी गोष्ट होती. संध्याकाळी छपाईवाला घरी जायच्या आत टॅग निघाले तर गट राहतो, नाही तर संपतो. मी त्यांना बाकावर बसवलं आणि कामाला लागले.

हंगामाचे सगळे निकाल एका दमात लावायचे असतात. एकेका पिशवीची एकेक ओळ, आणि टॅगचे क्रमांक सलग हवेत, म्हणून अर्धं आज अर्धं उद्या असं चालत नाही. अकराला काम सुरू केलं. चाळीस मिनिटांनी ते थांबलं आणि पडद्यावर आलं की रोलबॅक सेगमेंटला वाढायला जागा नाही.

हे काय असतं ते सांगते. डेटाबेस कोणतीही ओळ बदलण्याआधी तिची जुनी किंमत बाजूला लिहून ठेवतो. काम मध्येच फिसकटलं तर तिथून वाचून सगळं होतं तसं करता यावं म्हणून. ही बाजूची जागा म्हणजे रोलबॅक सेगमेंट. आमच्याकडे अशी सहा आहेत, पाच लहान आणि मोठ्या कामासाठी राखलेलं एक मोठं. ती गोल फिरतात. आमच्या हट्टा गावात लहानपणी खळ्यावर बैलांची पात फिरायची, तशी. मळून झालं की त्याच वाटेवरून पुन्हा फेरा. पण त्या वाटेवर कुणी पथारी टाकून झोपलं, तर बैल त्याला तुडवत नाहीत, बाहेरून वळसा घेतात. डेटाबेसही तसंच करतो. ज्याचं काम सेव्ह झालेलं नाही त्याची जुनी नोंद तो पुसत नाही. बाहेरून वळसा घेतो, मग आणखी मोठा वळसा घेतो, शेवटी कुंपणाला जाऊन थडकतो.

काम फसलं की जेवढं पुढे गेलं तेवढं मागेही यावं लागतं. म्हणजे आणखी चाळीस मिनिटं. तेवढ्या वेळात मी डबा खाल्ला. बाईंना अर्धी भाकरी दिली, त्यांनी मला ठेचा दिला. त्यांचा ठेचा माझ्या ठेच्यापेक्षा चांगला होता.

आता माझी चूक. हाच संदेश जूनमध्ये सोयाबीनच्या वेळी आला होता आणि त्याच्या आदल्या हंगामातही. दोन्ही वेळा मी डिस्कवर आणखी जागा देऊन मोकळी झाले आणि साहेबांना सांगितलं की डेटा वाढला आहे. पडताळून पाहिलं नव्हतं. या खेपेला डिस्कवर द्यायला जागाच उरली नव्हती, म्हणून नाइलाजानं मी ते केलं जे पहिल्यांदाच करायला हवं होतं. कोणतं सेगमेंट किती फुगलं आहे ते पाहिलं.

चार नंबर. एक लहान सेगमेंट, मोठ्याच्याही वर गेलेलं. सगळी जागा त्यानंच खाल्ली होती, मोठ्याला कुठून मिळणार? चार नंबरमध्ये सेव्ह न केलेलं काम कुणाचं आहे ते काढलं, तर एकच माणूस. आमचे गोदामबाबू. दोन दिवसांपासून. आणि बदललेली ओळ किती? एक.

त्या एका ओळीला वळसे घालून घालूनच चार नंबर फुगलं होतं. एका ओळीसाठी माणूस दोन दिवस काय करतो आहे ते मला बघायचं होतं. गोदामबाबू बाहेर काट्यावर गाडीचं वजन घेत होते. वयानं माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, कामाला चोख. बाई माझ्या मागोमाग आल्या. त्यांना बोलावलं नव्हतं, पण लॉट त्यांचा होता.

"भाऊ, गोदामातल्या कंप्युटरवर नोंदीचं पान उघडं काहून ठेवलं?"

"ते होय? रुमाल टाकलाय मॅडम."

"कशाचा रुमाल?"

"जागा धरायला. प्रयोगशाळेतल्या मॅडमचं अन् आमचं पान एकच. दोघांपैकी एकालाच आत घेतं. त्या एकदा बसल्या का दुपार होती, अन् इकडं माझ्या गाड्या रांगेत. म्हणून मी पहिल्या ओळीच्या शेऱ्यात एक टिंब टाकून ठेवतो. सेव्ह करत न्हाई. मंग दुसऱ्याला आत घेत न्हाई, माझी जागा बराबर राहती."

"रात्री बंद करत नाही?"

"पडदा करतो की बंद! लाईट वाचते."

"आणि प्रयोगशाळेच्या मॅडम काय करतात?"

"हाक मारत्यात. मंग मी रुमाल उचलतो, त्यांचं झालं का परत टाकतो. परवापासून त्या रजेवर हायेत, म्हणून कुणी हाक मारली न्हाई."

मी विचारलं, हे कधीपासून? ते म्हणाले, दोन वर्षं झाली असतील. म्हणजे जूनलाही तेच आणि त्याच्या आधीही तेच. पहिली ओळ म्हणजे कधीचाच पेरून, कापून, खाऊन संपलेला लॉट. बाबूंनी मुद्दाम तो निवडला होता, कुणाला तकलीफ नको म्हणून.

 बाईंनी पदर खोचला.

"आन् त्या टिंबापायी आमच्या दोनशे पिशव्या अडकल्या का, भाऊ?"

"मला काय ठाव, मावशी..."

"आरं, एश्टीत रुमाल टाकणारा बी येऊन बूड टेकवतो! तू तर रुमाल टाकून घरी जाऊन निजला. गाडी डेपोत गेली तरी तुझा रुमाल सीटवरच!"

काट्यावरचा ट्रकवाला इतका हसला की गाडी हलली आणि वजन पुन्हा घ्यावं लागलं. बाबूही हसले, पण कान लाल झाले होते. ते तसेच आत गेले, टिंब पुसलं आणि सेव्ह केलं. मला हवं असतं तर मी माझ्या जागेवरून त्यांचं पान एका ओळीच्या हुकमानं तोडू शकले असते. पण तोडलं असतं तर उद्या त्यांनी पुन्हा टिंब टाकलं असतं.

पुढचं सोपं होतं. चार नंबरला आकसायला सांगितलं, ते निमूटपणे आकसलं आणि डिस्कवर इतकी जागा मोकळी झाली की मला माझ्या जूनच्या शहाणपणाची लाज वाटली. मोठं काम मोठ्या सेगमेंटच्या नावानं पुन्हा सुरू केलं. बाईंनी खुर्ची ओढून माझ्या शेजारी घेतली.

"आता कुठवर आलं?"

"निम्म्यावर."

"मघा बी निम्म्यावर जाऊनच बसलं ना?"

"मघा वाटेत माणूस झोपला होता."

"आन् आता?"

"आता वाट मोकळी आहे. तुम्ही बोलत राहिलात तरी अडणार नाही."

त्या बोलत राहिल्या. अकरा जणींपैकी कुणाची रास कशी होती, कुणी निवडताना आळस केला, सगळं मला कळलं. सव्वादोनला काम पूर्ण झालं. त्यांच्या लॉटसमोर 'पास' आलं तेव्हा त्यांनी पिशवीतून कागद काढून पडद्याला लावला आणि आकडा आकड्याशी जुळवून पाहिला. माझ्यावर विश्वास नव्हता असं नाही, पण पाहणं बरोबरच होतं. जूनमध्ये मी असं पाहिलं असतं तर हा दिवस आला नसता.

पाचला शेवटचा टॅग निघाला. जीप सुटायच्या आत बाई गेल्या. जाताना गोदामाच्या दारातून ओरडल्या, "भाऊ, रुमाल घेतला का?"

संध्याकाळी मी एक नियम लावला. पंधरा मिनिटं कुणी हात लावला नाही तर पान आपोआप सुटेल. बाबूंना सांगायला गेले तर ते म्हणाले, "मॅडम, गाडीचं वजन घेऊन यायला मला वीस मिनिटं लागत्यात. मंग माझा नंबर गेला का न्हाई?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. दोन माणसांना एकच पान दिलं होतं आणि पाळी कशी ठरवायची ते कुणीच सांगितलं नव्हतं. त्यांनी आपल्या परीनं उपाय काढला होता. जसा मी डिस्क वाढवून काढला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी केंद्रावर पोचले. साहेबांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली की जूनमध्ये डेटा वाढला नव्हता, मी तपासलं नव्हतं. मग घरून आणलेला हातोडा काढला आणि गोदाम व प्रयोगशाळेच्या मधल्या भिंतीवर, दोन्ही दारांतून दिसेल असा, एक खिळा ठोकला. त्याला नवऱ्याचा एक निळ्या काठाचा रुमाल अडकवला. ज्याचं काम चालू आहे त्यानं रुमाल स्वतःच्या दाराला लावायचा, झालं की परत खिळ्याला. पंधरा मिनिटांनी पान सुटलं तरी रुमाल दाराला आहे तोवर पाळी त्याचीच. नऊ वाजता टेम्पो लागला. बाबू आले, त्यांनी रुमालाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, रुमाल उचलून आपल्या दाराच्या कडीला बांधला आणि बाईंच्या पिशव्या मोजायला गेले.

मी घड्याळ लावून बसले. पंचवीस मिनिटांनी त्यांनी रुमाल सोडून खिळ्याला लावला. मग मी चार नंबर उघडून पाहिलं. आत कुणी नव्हतं.