समुद्र हरवलेल्या देवीपुढे मालवणी गाऱ्हाणं

आमच्या घरात परदेशवारीचा निर्णय कोणी घेतला असेल तर तो भांडणाने. २००८ च्या एप्रिलमधली गोष्ट. सिंगापूरहून धाकट्या बहिणीचा, सुजाताचा, फोन आला होता, की यंदा जूनमध्ये पावसाळ्यासाठी होड्या किनाऱ्यावर ओढल्या की आईबाबांना घेऊन ये, तिकिटं आम्ही काढतो. मी कुडाळच्या शाळेत भूगोल शिकवते. विषुववृत्त फळ्यावर हजारदा आखलंय, पण त्याच्या जवळपास कधी फिरकले नाही. मी तर फोनवरच उडी मारली. बाबा मात्र तांडेल, म्हणजे होडीचं सुकाणू धरणारे आणि खलाशांना सांभाळणारे. ते म्हणाले, "माका नको. मी आयुष्यभर दर्यार फिरलंय, आता इमानात बसून काय करू?"

तेवढ्यावरून आईने जुनं प्रकरण उकरून काढलं. डिसेंबरात बाबांनी संध्याकाळी होडी बंदरात आणताना खडपावर, पाण्यातल्या खडकांवर, घासली होती. इंजिनाने दगा दिला, असं ते म्हणाले. तेव्हापासून आईचं एकच टुमणं : आता सुकाणू पुतण्याकडे द्या, नंदू दहा वर्षं तुमच्या हाताखाली आहे. सुकाणू मीच धरू का, म्हणून बाबांनी गावच्या देवळात कौल लावला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे मोठ्या निर्णयाआधी देवाला विचारतात. गुरव मोठ्याने गाऱ्हाणं घालतो, जमलेले लोक दर वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणतात, आणि मूर्तीला चिकटवलेली पाकळी उजवीकडची पडली की देवाचा होकार. बाबांची उजवी पडली.

"गुरव तुमचो पत्त्यांचो दोस्त," आई म्हणाली. "तेना काय गाऱ्हाणां घातल्यान ता माका म्हायत आसा."

"कौल उजवो पडलो. आता तुका आनी काय व्हया?"

"माका तुमी जित्ते व्हये!"

मग बाबाच पुटपुटले, की बरं, जाऊया सिंगापूरला. विषय बदलायला परदेशात जाणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

पासपोर्टासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, फेऱ्या झाल्या, आईचं नाव तीन कागदांवर तीन प्रकारे निघालं, ते सगळं इथे लिहीत बसत नाही. आईबाबांना घेऊन जाणार असाल तर कागदपत्रांना चार महिने आधी लागा, एवढंच सांगते. कसालच्या नाक्यावरून मुंबईची लक्झरी पकडली. आईच्या पिशवीत सोलं, तिरफळं, भाजक्या मसाल्याचा डबा आणि कुळथाचं पीठ होतं. सुके बांगडे मी घरी काढून ठेवायला लावले, तर तिने कसालपर्यंत माझ्याशी अबोला धरला.

विमानात बाबांना मुद्दाम खिडकीची जागा घेतली होती. त्यांनी ती आईला दिली. खाली बंगालचा उपसागर पसरलेला आणि आमचे तांडेल मधल्या खुर्चीत डोळे मिटून बसलेले! मी आईला कोपराने ढोसलं, "घाबरले वाटतं." आम्ही दोघी तोंडावर हात ठेवून हसलो.

सिंगापूरबद्दल इतकं लिहून झालंय, की स्वच्छता नि शिस्तीचं पुराण मी लावत नाही. पण उत्साह लपवतही नाही. पहिले दोन दिवस मी शाळेच्या सहलीतल्या पोरीसारखी वागले. सुजाताचं घर पश्चिमेला जुराँगकडे, जावई जहाजदुरुस्तीच्या कामात. तिथून मेट्रोने कुठेही जा, दीड-दोन डॉलरांत काम होतं (तेव्हा डॉलर आपल्या तीस रुपयांच्या आसपास होता). सरकत्या जिन्यांवर बाबा माझं मनगट घट्ट धरून ठेवत. वर म्हणत, "तू हरवशीत म्हणान धरलंय." स्टेशनांची नावंही ते मलाच वाचायला लावत.

लिटल इंडियातल्या मासळीबाजारात आई फॉर्मात आली. तिने तीस वर्षं मालवणच्या बाजारात मासे विकलेत. तिने एक सुरमई उचलली, कल्ला वर करून पाहिला, वास घेतला आणि मासा जागेवर ठेवला. विकणाऱ्या चिनी बाईने तिच्याकडे नीट पाहिलं आणि टेबलाखालच्या बर्फातून दुसरी सुरमई काढून पुढे केली. एका शब्दाची देवघेव नाही! दोघी एकमेकींकडे बघून अशा हसल्या, की मला हेवा वाटला. बाबा मागून विचारत होते, "ताजो आसा मा गो?" मासा ताजा आहे का, हे बाबांनी आईला विचारावं याचं मला नवल वाटलं, पण तेवढ्यापुरतंच.

तिसऱ्या दिवशी सुजाता आम्हाला थिआन हॉक केंग देवळात घेऊन गेली. तुम्ही जाणार असाल तर रॅफल्स प्लेस स्टेशनला उतरून तेलोक आयर रस्त्याने दहाएक मिनिटं चालत जा. सकाळीच जा, दुपारी ऊन डोकं फोडतं. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. दोन्ही बाजूंना काचेच्या टोलेजंग इमारती आणि त्यांच्या पायथ्याशी अचानक हे लाल-हिरवं देऊळ! छपराची टोकं वर वळलेली, त्यावर ड्रॅगन, दारांवर रंगवलेले राखणदार. लाकूडकामात खिळे वापरलेले नाहीत म्हणतात. उंबरठा चांगलाच उंच आहे. त्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून जायचं. हे आईला सांगावंच लागलं नाही.

देवी माझू, दर्यावर्दी लोकांची राखणदार. चीनमधून शिडाच्या जहाजांनी आलेली माणसं किनाऱ्याला जिवंत लागली, की सगळ्यात आधी हिच्यापुढे येऊन धूप लावायची. हे ऐकल्याबरोबर बाबांचा चेहरा खुलला. हात जोडून ते इकडेतिकडे बघू लागले.

"दर्यो खंय आसा?"

सुजाताने सांगितलं, पूर्वी समुद्र देवळाच्या पुढ्यातच होता. नंतर भराव घालत घालत शहर पुढे गेलं, आता पाणी पार त्या इमारतींच्या पलीकडे.

"म्हणजे दर्याच्या देवीक दर्यो दिसणाच नाय?" बाबांना ते अजिबात रुचलं नाही. देवस्थानच्या जमिनीवर कोणी कुंपण घातल्यासारखे ते चिडले.

एवढ्यात आईने माझा दंड धरला. "गो बाय, थंय बघ. ती कौल लावता!"

एक तरुण बाई गुडघे टेकून बसली होती. तिच्या ओंजळीत लाल रंगाचे दोन लाकडी तुकडे होते, थेट मोठ्या काजूगरांसारखे, एका बाजूने सपाट, दुसरीकडून फुगीर. तिने डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं आणि तुकडे जमिनीवर सोडले. टक् टक्. तिने खाली बघितलं, समाधानाने मान हलवली आणि ती उठली. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. चार हजार किलोमीटरवर आमचं देऊळ, आणि इथे आमचाच कौल!

देवळात सेवेला असलेले एक वृद्ध गृहस्थ धुपाची राख झाडत होते. त्यांना मी इंग्रजीत नियम विचारले. एक तुकडा सपाट आणि एक फुगीर पडला तर होकार. दोन्ही फुगीर बाजूने वर पडले तर नकार. दोन्ही सपाट बाजू वर आल्या तर देवी हसली.

"हसली म्हणजे?"

"म्हणजे प्रश्न नीट विचारलेला नाही. किंवा उत्तर ठाऊक असून विचारलाय."

मी हे मालवणीत सांगेपर्यंत आईने चपळाईने तुकडे हातात घेतलेसुद्धा. "हयसर तुमचो पत्त्यांचो दोस्त नाय," तिने बाबांना सुनावलं. "दर्याचीच देवी आसा. मान्य?"

बाबा अडकले. दर्याच्या देवीला नाही कसं म्हणणार? "मान्य," ते म्हणाले.

आईने मनात विचारलं आणि तुकडे सोडले. दोन्ही सपाट बाजू वर. देवी हसली. आईने पुन्हा टाकले. पुन्हा सपाट! सुजाताला हसू आवरेना, मीही फिस्सकन हसले. आई वैतागली. ते गृहस्थ जवळ आले आणि हळूच म्हणाले, "प्रश्न ह्यांचा आहे का? मग ज्याचा आहे त्याने विचारावा." त्यांनी बाबांकडे बोट केलं.

बाबा मात्र देवीकडे बघतच नव्हते. ते तिच्या बाजूला उभ्या दोन सेवकांपैकी एकाच्या अगदी नाकापाशी जाऊन उभे होते. मी विचारल्यावर गृहस्थांनी सांगितलं, की तो हजार कोसांवरचं बघतो आणि दुसरा वाऱ्यावर आलेलं ऐकतो. बुडणाऱ्या जहाजाची खबर हे दोघे देवीला देतात. मी ते बाबांना सांगितलं.

"ह्यो बघणारो?" त्यांनी परत विचारलं.

"होय बाबा."

त्यांनी आईच्या हातातून तुकडे घेतले, देवीपुढे गुडघे टेकले, आणि खणखणीत आवाजात ते चक्क गाऱ्हाणं घालायला लागले.

"गे आई, दर्याचे देवी, मालवणसून तुझी लेकरां तुज्या पायाकडे इली आसत."

"होय म्हाराजा," आम्ही तिघी एका सुरात म्हणालो. ठरवून नव्हे, लहानपणापासूनची सवय! धूप लावणारी माणसं वळून बघू लागली.

"आजवर तू आमका सांभाळलंस, होडयेक सांभाळलंस."

"होय म्हाराजा."

"गेली दोन वरसां माज्या डोळ्यांका सांज झाली की खडप दिसणा नाय. दीपस्तंभाचो एक दिवो, माका त्याचे तीन दिसतत."

"होय म्—" आईचा आवाज मध्येच थांबला.

बाबा थांबले नाहीत. "डिसेंबरात होडी घासली ती इंजिनान नाय, माज्या डोळ्यांनी. ह्यां मी घरात सांगूक नाय. गावच्या देवाकय सांगूक नाय. नंदूसकट चार जणांचे जीव माज्या हातात आसत. काय चुकला-माकला आसात तर पदरात घे गे आई."

मला खिडकीची जागा आठवली, सरकते जिने आठवले, सुरमई आठवली. दोन दिवस मी हे सगळं बघत होते आणि हसत होते. माझे डोळे भरून आले. शेवटी आईनेच, अगदी बारीक आवाजात, म्हटलं, "होय म्हाराजा."

बाबांनी तुकडे ओंजळीत धरले. टाकतील म्हणून आम्ही वाट बघत होतो. ते गृहस्थही राख झाडायचं थांबवून बघत होते. बाबांनी तुकडे कपाळाला लावले आणि होते तसे तबकात ठेवून दिले.

"आता इचारूक काय उरला नाय," ते म्हणाले.

बाहेर अंगणात ते पायरीवर बसले. सुकाणू गेलं म्हणजे आपलं सगळंच गेलं, असा त्यांचा चेहरा झालेला. आई शेजारी टेकली. मला वाटलं, आता दोन वर्षांचा हिशेब चुकता करणार. ती म्हणाली, "तिकाय दर्यो दिसणा नाय. तिना बघूक माणूस ठेवल्यान. म्हणान तिका कोणी देवळातसून उठवल्यानी?"

बाबांनी मान वर करून देवळाच्या छपराकडे बघितलं आणि हसले. मग म्हणाले, भूक लागली.

जवळच्या हॉकर सेंटरात, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मोठ्या मंडपात, चार-पाच डॉलरांत पोटभर जेवण मिळतं. आम्ही माशाच्या डोक्याची आमटी घेतली. आईने त्यात पिशवीतली तिरफळं टाकली आणि ती खाण्यालायक झाल्याचं जाहीर केलं. उरलेले दिवस मजेत गेले. बाबा आता माझा हात उघडपणे धरत आणि दर दोन मिनिटांनी विचारत, "ह्या काय? ता काय?" त्यांच्यासाठी बघता बघता मला सिंगापूर दुप्पट दिसलं.

परत आल्यावर लोकांनी विचारलं, काय आणलंस? देवळाजवळच्या दुकानातून आईने त्या लाकडी तुकड्यांची एक जोडी घेतली होती. ती देव्हाऱ्यात आहे, अजून कोणी टाकलेली नाही. नारळी पौर्णिमेला बाबांनी सगळ्यांदेखत सुकाणू नंदूच्या हातात दिलं. दिवाळीनंतर सावंतवाडीला मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली. बेत आखणाऱ्यांनो, ते देऊळ जरूर बघा. पण आईबाबांना घेऊन जात असाल तर निघण्याआधी त्यांचे डोळे तपासून घ्या, आणि कोणी खिडकीची जागा सोडली तर हसू नका.

ऑपरेशननंतर बाबा पहिल्यांदा बंदरावर आले तेव्हा मी आणि आई सोबत होतो. संध्याकाळ होती. नंदू होडी घेऊन आत येत होता. बाबा डोळ्यांवर हात धरून कितीतरी वेळ बघत राहिले. आईची चुळबुळ मला कळत होती. नीट दिसायला लागलं, आता सुकाणू परत मागतील, हीच धास्ती तिला ऑपरेशन ठरल्यापासून होती.

"सगळा दिसता," बाबा म्हणाले. "खडप दिसता, दिवो एकच दिसता. आनी नंदू सुकाणू किती वाकडा धरता तांय दिसता!"

"मगे?" आईने विचारलं.

बाबांनी तिच्या हातातली माशांची पाटी स्वतःकडे घेतली आणि ते मासळीच्या लिलावाच्या दिशेने चालू लागले.

"मगे काय? शिकात तो. पयली दहा वरसां मीय वाकडाच धरी होतंय."