सकाळच्या शिफ्टमधला शेवटचा भाग

डायलिसिसच्या त्या हॉलमध्ये सगळे तिला सिस्टर म्हणायचे. ती सिस्टर नव्हती, टेक्निशियन होती. सुरुवातीला तिने हे पेशंटना समजावून पाहिलं, मग त्यांच्या नातेवाइकांना, आणि मग नाद सोडला. मशीन धुवायचं, नळ्या जोडायच्या, वजन बघायचं, सुई टोचायची आणि काही तासांनी हेच सगळं उलट करायचं. इतकी वर्षं हे केल्यावर आपल्याला कोण काय म्हणतं याचं सोयरसुतक राहत नाही. पाय मात्र रोज नव्याने दुखायचे.

सकाळच्या शिफ्टला तिच्याकडे तिघं ठरलेले. बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई, एक टेलर आणि खिडकीजवळच्या खुर्चीत ड्रायव्हरकाका. सुया टोचलेला हात हलवायचा नाही, उठायचं नाही, मग करायचं काय? भिंतीवर टीव्ही होता आणि टीव्हीवर भुताची मालिका. संध्याकाळचा भाग सकाळी पुन्हा लागायचा.

मालिकेची गोष्ट एवढीशी. नवरा मेलेला, पण रोज संध्याकाळी घरी येतो, कारण बायको दाराबाहेरचा दिवा लावून ठेवते. दिवा आहे तोवर तो येणार. या एवढ्याशा गोष्टीला चॅनेलवाल्यांनी वर्षभर ताणलं होतं. "भिंतीतून आरपार येतो मेला, त्याला दिवा कशाला लागतो?" असं बँकवाल्या बाई दर भागाला विचारायच्या. टेलरचं म्हणणं, भुताच्या शर्टाचे खांदे उतरलेत, हे काम आपल्याकडे आलं असतं तर परत उसवायला लावलं असतं. नावं ठेवायचे आणि डोळे फाडून बघायचे. टेलरने एकदा संध्याकाळी पाहिलेलं सकाळी फोडलं, तेव्हापासून बाईंनी कायदाच केला होता: घरी कुणी बघायचं नाही, इथे सगळ्यांनी मिळून बघायचं.

शेवटचा भाग लागला तेव्हा ती घरी इस्त्री करत होती. भूत दाराशी आलं आणि म्हणालं, "मी फार थकलोय गं. रोज येववत नाही आता. दिवा मालव." बायको खूप वेळ बटणावर बोट ठेवून उभी राहिली आणि तिने दिवा मालवला. बस, संपलं. इस्त्री हातात तशीच, आणि तिला रडू आवरेना. "मेलेला माणूस गेला, यात रडण्यासारखं काय आहे?" नवऱ्याने विचारलं. "कॉलर जळेल बघ."

तिला ड्रायव्हरकाका आठवले होते. मागच्याच खेपेला सुई काढताना ते हळूच म्हणाले होते, "सिस्टर, मी आता बंद करणार यायचं. डॉक्टरांशी बोललोय. फक्त हिला कसं सांगू ते कळत नाही." यायचं बंद केलं तर काय होणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिने नेहमीसारखा कापूस दाबून धरला. त्यांना रागवायला हवं होतं की समजवायला, हे तिला अजून कळलं नव्हतं. ही 'ही' बाहेर बाकावर बसलेली असायची. वर्षानुवर्षं, त्याच जागेवर, नवऱ्याचे बूट पिशवीत घेऊन.

आणि आता टीव्हीवरचं भूत येऊन काकांच्या तोंडचं वाक्य बोलणार होतं. तिला ते सोसणारं नव्हतं. सकाळी पेशंट यायच्या आत ती स्टुलावर चढली आणि टीव्हीमागची वायर उपटून ठेवली. वेडेपणाच होता तो.

तिघं आले. तिने चेहरे निरखून पाहिले, पण त्या हॉलमध्ये सगळ्यांचेच डोळे सुजलेले असतात, रात्री रडलं कोण हे कळायची सोय नाही. तिने एकेकाला मशीनवर लावलं आणि जाहीर केलं, "केबल गेलीय."

"आजच?" टेलर म्हणाला.

"तक्रार करा," बाई म्हणाल्या. पण नेहमीचा बँकेतला आवाज नव्हता तो. तक्रार कुणाकडे, किती वेळात, हे त्यांनी विचारलंच नाही. तिला थोडं नवल वाटलं.

बोलणं ऐकून काकांची बायको दारात आली. नातेवाइकांना आत यायला मनाई, पण आज तिला अडवायचं त्राण कुणातच नव्हतं.

"दिसत नाहीये का? मी पाहिलाय काल. सांगू?"

बाईंनी कायद्याची आठवण करून दिली नाही. म्हणाल्या, "सांगा."

ती दाराच्या चौकटीला टेकली. पिशवी छातीशी धरलेली. "तो येतो आणि म्हणतो, थकलोय, दिवा मालव. ती बटणावर बोट ठेवते. खूप वेळ उभी राहते." मग ती थांबली. "आणि हात मागे घेते. म्हणते, थकलात ना, मग बसा इथेच. बोलू नका, काही करू नका. पण दिवा राहू दे. मला नाही मालवता येत."

"मग?" टेलरने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"मग काय, बसतो तो. संपलं."

टेलरने काही बोलायला तोंड उघडलं. शेजारच्या खुर्चीतून बाईंनी असे डोळे वटारले की त्याचं तोंड आपोआप मिटलं. तेव्हा टेक्निशियनच्या ध्यानात आलं, या दोघांनीही काल पाहिलाय. कायदा करणारीनेसुद्धा.

"चांगला केला शेवट," बाई म्हणाल्या आणि मोकळ्या हाताने नाक पुसलं.

ड्रायव्हरकाका डोळे मिटून पडले होते. बायको पुन्हा बाहेर जाऊन बसली. मशीनं फिरत राहिली.

शिफ्ट संपली. तिने काकांची सुई काढली, कापूस दाबला. मग तिला राहवेना.

"काका, शेवट तसा नव्हता. मीच वायर काढली होती. तुम्हाला त्रास नको म्हणून."

"माहीत आहे."

"म्हणजे?"

"काल आम्ही दोघांनी पाहिला, शेजारी शेजारी बसून. दिवा मालवला त्या बाईने. ही उठून भांडी घासायला गेली." त्यांनी कापसावर स्वतःचा अंगठा ठेवला. "मी तिला अजून काही सांगितलेलं नाही, सिस्टर. तरी तिने आज चार माणसांत उत्तर दिलं."

तिने पट्टी चिकटवली, ती वाकडी गेली, पुन्हा चिकटवली.

"थकलोय हो मी. ते काही खोटं नाही," काका म्हणाले. "पण हात मागे घेतलाय तिने. आता काय करता?"

बायको आत आली. पिशवीतून बूट काढून ती त्यांच्या पायाशी बसली आणि नाडी बांधता बांधता वर न बघता म्हणाली, "काय बोलणं चाललंय?"

"काही नाही," काका म्हणाले. "परवा हीच खुर्ची ठेवा म्हणून सांगतोय."