भिंतीकडच्या लांब माना

समजा, तुम्हाला एका तळघरात काम करायचंय. दार उघडण्याआधी चपला बाहेर काढायच्या, हात कोपरापर्यंत धुवायचे, तोंडाला फडकं बांधायचं. आत गेल्यावर दिवा लगेच लावायचा नाही. आधी हवा ओळखायची. छताला टांगलेल्या प्लास्टिकच्या लांबट पिशव्या अंधारात खांद्याला लागतील, गार आणि ओलसर. त्यांत उकडलेला पेंढा ठासून भरलाय आणि त्या पेंढ्याला आतून खाणारी पांढरी बुरशी आहे. ती तुमच्यासारखाच श्वास घेते, प्राणवायू आत, कर्बवायू बाहेर. खिडकी बंद राहिली की तुम्ही आणि ती एकाच हवेवर जगता.

गल्लीत जिला सगळे तिच्या अळंबीच्या छत्र्यांवरून छत्रीवाली म्हणत, तिचं हे रोजचं काम होतं. तिच्याच घराखालच्या तळघरात ती धिंगरी अळंबी पिकवायची. शिंपल्यासारखी, राखाडी, घोसानं येणारी. नवऱ्यानं हौसेनं सुरू केलं, तो गेल्यावर तिनं पोटासाठी चालवलं. आता घरात दोघीच, ती आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे गेलेले. तळमजल्यावर, घराच्या मागच्या खोलीत, कोपऱ्यातल्या लोखंडी पलंगावर त्यांचा सगळा संसार होता आणि जीभ मात्र दोन माणसांची होती.

अळंबी कशी वाचायची हे छत्रीवालीला नवऱ्यानं शिकवलं होतं. हवा चांगली असेल तर मान आखूड आणि डोकं रुंद. हवा कोंदली की मान लांबते, ताज्या हवेच्या शोधात वर वर जाते आणि डोकं बटणाएवढंच राहतं. असा माल कोणी घेत नाही.

त्या हंगामात मागच्या भिंतीलगतच्या पिशव्यांना लांब माना फुटल्या.

तिनं नेहमीचे उपाय केले. खिडकी जास्त वेळ उघडी ठेवली, पंखा तिकडे वळवला. फरक नाही. मग तिनं पिशव्यांची अदलाबदल केली. भिंतीकडच्या आजारी पिशव्या दाराशी आणल्या, दाराशी असलेल्या ठणठणीत भिंतीकडे नेल्या. पुढचं पीक आलं तेव्हा दाराशी आणलेल्या सुधारल्या होत्या, आणि भिंतीकडे नेलेल्यांनी माना लांबवल्या होत्या. म्हणजे दोष पिशव्यांचा नव्हता, त्या कोपऱ्यातल्या हवेचा होता.

तिनं भिंतीला तळहात लावला. खोलीपेक्षा भिंत किंचित कोमट होती. विटांमधले सांधे या वर्षी ओलीनं सुटले होते आणि एका सांध्यातून पांढरा दोरा बाहेर आला होता. केसाइतका बारीक. तिनं तो नखानं ओढला. तो तुटला नाही, आतून कोणीतरी सैल सोडत असल्यासारखा येतच राहिला.

भिंतीपलीकडे काय होतं ते तिला माहीत होतं.

एका पिशवीतून तीन-चार वेळा पीक निघालं की पेंढा संपतो. अशा पिशवीला ती दोघं नवरा-बायको ‘मेली’ म्हणत. मेलेली पिशवी जिना चढून कचऱ्याच्या गाडीपर्यंत कोण नेणार? मागच्या भिंतीत एक भगदाड होतं, पलीकडे घराच्या मागच्या भागाखालची मोकळी पोकळी. ती पिशव्या उचलून द्यायची, तो आत ढकलायचा. वर्षानुवर्षं. शेवटी चिलटं झाली म्हणून त्यानं भगदाड विटांनी बुजवलं. पेंढा संपला होता हे खरं. खाणारी मेली होती हे कोणी पाहिलं होतं? धिंगरी मुळात जंगलात वठलेल्या लाकडावर वाढते. पेंढा तिला माणसानं शिकवलेला.

आणि पोकळीच्या डोक्यावर लाकडी तुळया होत्या. तुळयांवर फळ्या. फळ्यांवर सासूबाईंचा पलंग.

ती वर गेली. सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या.

“आई, थोडे दिवस स्वयंपाकघरात झोपाल का? तिकडे ऊब असते.”

“का? माझी खोली तुझ्या छत्र्यांना हवी झाली?”

“नाही हो. तळघरातली भिंत फोडायचीय. धूळ येईल.”

“भिंत तळघरात आणि धूळ माझ्या नाकात? मला गुडघे नाहीत, अक्कल आहे. या कोपऱ्यात मी लग्न होऊन आले, याच कोपऱ्यातून जाणार. दुसरीकडे मला झोप लागत नाही.”

छत्रीवालीनं पदराआड धरलेला घोस पुढे केला. सासूबाईंनी चष्मा लावला. पांढुरक्या लांब देठांचा झुबका, टोकाला डोकं जवळजवळ नाहीच.

“मानच मान, डोकं नाही,” त्या म्हणाल्या. “तुझ्या सासऱ्यांवर गेलंय.”

“आई, हे असं तेव्हाच येतं, जेव्हा शेजारी कोणीतरी श्वास घेत असतं. भिंतीच्या पलीकडे, तुमच्या पलंगाखाली आहे काहीतरी. किती आहे ते मला माहीत नाही. फळ्या धरतील की नाही, तेही माहीत नाही. बघून होईपर्यंत तरी उठा.”

सासूबाईंनी घोस हातात फिरवला. मग पलंगाच्या कडेला पाय सोडले आणि जमिनीवर टेकवताना पहिल्यांदाच घाबरल्यासारखं केलं.

“हात दे,” त्या म्हणाल्या. “आणि माझी उशी घे. दुसरी नको.”

सुतार दुसऱ्या दिवशी दुपारी आला. या घराच्या खिडक्या त्यानंच केलेल्या. भगदाडाच्या विटा निघाल्या तशी आतून हवा आली. कुजल्याचा वास नव्हता. थोडासा बडीशेपेसारखा, गोडसर वास होता आणि म्हणूनच तो जास्त वाईट वाटला. तिनं काठीला मेणबत्ती बांधून आत धरली. ज्योत खुजी झाली. आतला कर्बवायू निघून जाईपर्यंत दोघं पंखा लावून अंगणात बसून राहिले.

मग त्यांनी बॅटरी मारली.

पिशव्या दिसतच नव्हत्या. प्लास्टिक फाटून सगळ्याचा एकच ढीग झाला होता आणि त्यावर कापसाच्या गादीसारखा पांढरा थर होता. ढिगातून देठ उगवले होते, शेकड्यांनी, बोटांसारखे, एकालाही डोकं नव्हतं. उजेड कधी पाहिलाच नव्हता, डोकं कशाला फुटेल? ढिगातून पांढऱ्या दोऱ्यांची एक जाड वेणी निघून पोकळीच्या पलीकडच्या भिंतीवर चढली होती.

“पहिली तुळई ढिगाच्या वरच आहे,” सुतार म्हणाला आणि त्यानं तिच्यात पेचकस दाबला. टणक. त्यानं दुसरी तपासली. तीही टणक. “ताई, उगाच घाबरलात. लाकूड जुनं आहे, सोनं आहे.”

“ती वेणी कुठे जाते ते बघा.”

वेणी दोन्ही तुळयांना वळसा घालून गेली होती, अगदी शेवटच्या, कोपऱ्यातल्या तुळईकडे. सुतारानं तिथे पेचकस टेकवला. दाबायची गरज पडली नाही, मुठीपर्यंत आत गेला. त्यानं हात मागे घेतला तेव्हा पेचकसाला ओला, पांढरा, दोरे दोरे झालेला भुसा लागला होता.

त्यानं बॅटरी वर फळ्यांवर मारली.

“इथे लाकूडच नाही, ताई,” तो हळू आवाजात म्हणाला. “फळ्यांना खालून या जाळ्यानंच धरून ठेवलंय.”

“आणि जाळं सुकलं असतं तर?”

“आजी खाली आल्या असत्या. पलंगासकट.”

ढीग उपसला गेला, पोकळी खरवडली, नवी तुळई आली, फळ्या आल्या. भगदाडाच्या जागी जाळी बसली, हवा खेळती राहावी म्हणून. भिंतीकडच्या पिशव्यांच्या माना आखडल्या. सगळं जिथल्या तिथे झालं, पलंग सोडून. तो अजून स्वयंपाकघराच्या दारात आडवा होता आणि सासूबाई रोज विचारत होत्या, “माझा कोपरा झाला की नाही?”

छत्रीवाली उत्तर टाळत होती. ढिगाजवळच्या दोन तुळया सुतारानं तासून दाखवल्या होत्या, आतून ठणठणीत. तेच लाकूड, तेच वय. लाकूड ओलं असलं की बुरशी तिकडे वळते हे तिला माहीत होतं, म्हणून तिनं कोपऱ्यात गळकी नळी शोधली, भिंतीची ओल पाहिली. कोपरा बाकी घरापेक्षा कोरडा होता. ज्यांच्याकडे नवरा लागवड शिकला होता, त्या सरांना जाऊन विचारलं. सर विचार करून म्हणाले, “माणूस एकाच जागी वर्षानुवर्षं झोपलं की ऊब, घाम, श्वासातली वाफ फळ्यांत मुरत असेल. पण तेवढ्यानं? मी छातीठोक नाही सांगू शकत.”

त्या संध्याकाळी सासूबाई स्वतःच उठल्या. भिंतीला धरत धरत मागच्या खोलीत गेल्या आणि नव्या फळ्यांवर, आपल्या कोपऱ्यात, उभ्या राहिल्या.

“इथेच लाव पलंग. घट्ट आहे आता.”

“आई, समोरच्या भिंतीला लावू या ना.”

“त्यानं काय होणार?”

छत्रीवाली तळघरातल्या खरवडलेल्या विटांचा विचार करत होती. विटांच्या आत कुठे केसाएवढा दोरा राहिला असेल तर तो कोपऱ्याकडे जाईल की म्हातारीकडे? जवळच्या दोन तुळया सोडून ती बुरशी अंधारातून इतक्या लांब आली, ती नेमकी कशाच्या मागे?