रविवारचं तेल

कानात मळ साठलाय हे मला कळलंच नव्हतं. मला वाटायचं, घर शांत झालंय. मुलं बाहेरगावी गेली, मी निवृत्त झालो, बायकोचं बोलणंही कमी झालं, असा आपला माझा समज. परवा डॉक्टरांनी कानातून हरभऱ्याएवढा काळा गोळा काढून दाखवला. "तेल घालता ना? त्यानंच फुगून बसलाय. पुन्हा घालू नका."

घरी आलो तर नळ ठिबकत होता, पंखा कुरकुरत होता आणि ही स्वयंपाकघरात एकटीच बोलत होती. मला काहीबाही विचारत होती, थोडं थांबून माझ्या वतीनं उत्तरही देत होती. किती महिने चाललं होतं हे? ज्या शांततेचं मी चारचौघांत कौतुक करायचो, ती म्हणजे नुसता मळच होता की काय?

रविवारी ही लसूण घालून कोमट केलेल्या तेलाची पळी घेऊन आली. "व्हा आडवे." हिच्या मांडीवर डोकं ठेवायचं, आताशा तेवढंच काय ते जवळ येणं. मी म्हटलं, "डॉक्टर नको म्हणालेत."

पळी हातात धरून ही उभीच राहिली. मग मला ऐकू येत नाही हे धरूनच पुटपुटली, "मग आता रविवारी काय करायचं?"

मला स्पष्ट ऐकू आलं. ही थोडी थांबली, पण या वेळी माझ्या वतीनं उत्तर काही दिलं नाही.