पोरांना जागं ठेवणारी गादी

"उठंनात! चाचा, पोरं उठंनात!"

होस्टेलवाले शिंदे सर रशीदचाचांच्या गादीच्या दुकानापुढं असे ओरडत होते, की शेजारी माझ्या झेरॉक्स मशीनमधला कागद घाबरून अडकला. लातुरात क्लासेसचं पीक तेव्हा नुकतंच तरारलं होतं. चाचांनी सरांना शंभर गाद्या दिल्या होत्या आणि पहाटे पाचच्या तासाला वर्ग रिकामा!

"हिमायतनगरच्या पोराच्या उशाला गजर वाजून वाजून घड्याळाचे सेल संपले. माहूरच्याला तर चौघांनी गादीसकट वर्गात नेला, फळ्यापुढं ठेवला. तिथं त्यानं कूस बदलली!"

चूक चाचांच्या हाताची होती. चाळीस वर्षं त्यांनी लग्नाच्या गाद्या भरलेल्या. त्यांनी पिंजलेला कापूस इतका हलका, की दार उघडं राहिलं तर वीस किलोमीटरवर औशाला पोचायचा. स्वस्तात गादी करा म्हटलं तरी हात ऐकत नव्हता.

"आठ दिवसांत बदला, न्हाईतर सगळ्या परत. मी फोमच्या घेतो," सर म्हणाले आणि गेले.

गाद्या परत आल्या असत्या तर दुकानाला कुलूपच होतं. लग्नाची गिऱ्हाइकं आधीच फोमकडं गेली होती. पण चाचा घाबरणाऱ्यांतले नव्हते. भूकंपानंतर अख्खं लातूर महिनोन्‌महिने अंगणात झोपलं, तेव्हा त्यांची भारी गादी बाहेर काढायला दोन पैलवान लागायचे. त्यांचा भाऊ म्हणाला, "थांब, लोक घरात येतील." चाचांनी त्याच दिवशी स्वतःची गादी फाडली आणि काखेत मारून पळता येईल अशी पातळ गादी शिवली. "लोक झोपायची जागा बदलायलेत," ते म्हणाले, "अन् मी जुनंच माप धरून बसू?"

आताही त्यांनी होस्टेलातली एक गादी आणून दुकानाच्या मधोमध उसवली. अर्धा कापूस काढला. उरलेल्यात जुना, दबलेला कापूस कालवला आणि चार-चार बोटांवर टाके घातले. चाचींनी वर बसून पाहिलं आणि टुणकन उठल्या.

"या अल्ला! हाताला लकवा मारला का तुमच्या? असली गादी दुश्मनालाबी देऊ नका."

"दुश्मनाला कुठं परीक्षा हाय?" चाचा म्हणाले.

मात्र गिऱ्हाइकाला देण्याआधी त्यांनी ती स्वतःवर अजमावली. सकाळी पाठ चोळत आले. "बांग व्हायच्या आधी डोळे उघडले. आपण अजान द्यायला जावं का, असं वाटायलं होतं!" एवढं बोलून बाकीच्या नव्व्याण्णव मागवून उसवायला बसले. लग्नाच्या गाद्या भरणारे ते हात पहिल्या दिवशी टाका घालताना थबकत होते, ते मी पाहिलं. चौथ्या दिवशी थबकेनात.

पंधरवड्यानं सर पुन्हा आले, या वेळी पेढे घेऊन.

"चाचा, पोरं चारलाच उठून पुस्तक घेऊन बसायलीत! झोपावं म्हटलं तरी झोपता येईना त्यांना. पण एक सांगा, एवढा मोठा कारागीर तुम्ही. असली गादी शिवताना वाईट न्हाई वाटलं?"

चाचांनी सुईत दोरा ओवला.

"वाटलं की. अजून किती पायजेत?"