दिगंबर झेलायचा

आमच्या दौंडच्या रेल्वे कॉलनीत किस्से साठायला वेळ लागत नाही. एका बिल्डिंगीत बारा बिऱ्हाडं, आन् माझी खिडकी नेमकी जिन्यासमोर. मी चौकशा करते म्हणतात. मी फक्त विचारते. त्यातले सगळ्यात जास्त किस्से तळमजल्यावरच्या मंदाताईच्या दिगंबरचे.

मी दुसऱ्या मजल्यावर, गुडघे कामातून गेलेले. म्हणून किल्ली, कोथिंबीर, गोळ्यांची पट्टी, सगळं गॅलरीतून खाली टाकायचे आणि दिगंबर झेलायचा. एकदा पैज लावून अंडं टाकलं. त्यानं अलगद झेललं आणि वर बघून म्हणाला, "काकू, अजून एक टाका. एकात ऑम्लेट व्हत न्हाई."

तोच पुढे पुण्याच्या एका क्लबात पगारी गोलकीपर झाला.

*

त्याची मोठी मॅच टीव्हीवर लागली तेव्हा सगळी बिल्डिंग माझ्या घरात. शेवटची दोन मिनिटं राहिलेली, बरोबरी. समोरून बॉल आला, तोही सरपटत, दमलेला. माझ्या सासूबाईंनी बसल्या जागी पदरात धरला असता. दिगंबर वाकला आणि बॉल त्याच्या दोन पायांमधून आत.

तिसऱ्या मजल्यावरचे आप्पा, रिटायर गार्ड, कप खाली ठेवत म्हणाले, "किती पैसं घेतलं असतील रं?"

लोक हसले. मीसुद्धा हसले. मंदाताई तिथंच बसली होती.

*

क्लबनं त्याला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. पुण्याहून दोन साहेब आले. कुणीतरी त्यांना माझंच नाव सांगितलेलं.

"त्यांच्या घरात अलीकडे काही नवीन वस्तू आली का?"

"आली की."

एकानं पेन काढलं. "काय?"

"मंदाताईचा चष्मा. मोतीबिंदू काढल्यावरचा."

त्यानं लिहिलं आणि मग खोडलं.

निकाल काही लागला नाही. सुटला म्हणून कुणी कळवलं नाही, अडकला म्हणूनही नाही.

*

आप्पा पूर्वी स्कूटरची किल्ली वरून टाकून त्याला दुधाला पाठवायचे. आता म्हणायला लागले, "दिगंबर, वर येऊन घिऊन जा."

मी खिडकीतून तिथंच सुनावलं, "आप्पा, लोखंडाची किल्ली हाय. पडली तर फुटंल व्हय?"

*

कॉलनीच्या मैदानावर पोरांनी एकदा त्याला बळंच गोलात उभं केलं. त्यानं पेनल्टी अडवली, तीही हवेत झेप घेऊन. पलीकडून आवाज आला, "बघा, हितं बरं जमतंय."

त्यानं बॉल हळूच खाली ठेवला आणि घरी आला.

*

मग सणसवाडीच्या कारखान्यात पॅकिंगला लागला, तिथंच खोली घेतली. त्यानं कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण तो गोल सगळ्यांच्या मोबाईलमध्ये. एकदा हातातून खोका निसटला, तर शेजारचा बिहारी म्हणाला, "भैया, ये भी छोड़ दिया? कितने में?"

हे त्यानंच मला सुट्टीवर आल्यावर सांगितलं, हसत हसत. या खेपेला मला हसता आलं नाही.

सगळ्या कॉलनीला सगळं विचारणारी बाई मी. पण "दिगंबर, तवा नेमकं काय झालं रं?" एवढं मला आजवर विचारता आलेलं नाही.

*

गेल्या रविवारी मंदाताई माझ्याकडं गवार निवडायला बसली आणि जाताना चष्मा विसरली. थोड्या वेळानं खालून हाक आली, "काकू, आईचा चष्मा ऱ्हायलाय व्हय वर?"

वाकून बघितलं. सुट्टीवर आलेला दिगंबर गॅलरीखाली, दोन्ही हात पुढं धरून उभा.

"हाय, हाय. थांब जरा," म्हटलं.

कठडा धरत, एकेक पायरी उतरत मी खाली आले. चष्मा पदरात गुंडाळलेला. तो अजून तसाच उभा होता, तोंड वर गॅलरीकडं. मग त्यानं मला बघितलं आणि हात खाली घेतले.

"काकू," तो म्हणाला, "तुमचं गुडघं दुखत्यात ना?"